फडताळातला वर्खाचा नारळ

अगं ये, जवळ ये. दाराशी उभी राहून काय दिसणार तुला? आणि आधी तो पंखा बंद कर बघू. किती वेळा सांगायचं! वर्खाचं काम चाललेलं असताना पंखा लावणारी माणसं मला दुसऱ्याच्या ताटावर शिंकणाऱ्यांसारखी वाटतात. घाम येतोय? येऊ दे. पदराने पूस. फक्त तो हात मग इकडे आणू नकोस.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकीला मी पहिल्या दिवशी हेच सुनावते. तुम्ही वाचणारेही माझ्यासमोर बसलाय असं समजून तुम्हालाही सुनावलं, राग मानू नका. दिवाळी अंकवाल्या बाई म्हणाल्या, ‘काकू, तुमच्या कामातले गमतीदार अनुभव लिहा.’ लिहिते. पण ते गमतीदार होतील असं काही मला वाटत नाही. माझ्या फडताळात एक नारळ आहे, सोनेरी वर्ख लावलेला. तो हळूहळू काळा पडत चाललाय. पुरता काळा व्हायच्या आत एका बाईने येऊन तो बघायला हवा, आणि ती बाई माझ्या दारात पाऊल टाकायला तयार नाही. मनात हे असताना गमती कुठून आणू? तरी जमतील तेवढ्या आणते.

आधी काम काय ते सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. वर्ख म्हणजे धातूचं इतकं पातळ पान की श्वास सोडला तरी उडतं. मिठाईवर असतो तो चांदीचा. आम्ही लावतो तो फ्रेमला, मखराला, देवाच्या प्रभावळीला, खुर्चीच्या पायांना. खऱ्या सोन्याचा असतो आणि पितळेचाही असतो. पितळेचा स्वस्त, म्हणून नव्याने शिकणाऱ्यांच्या हातात तोच द्यायचा. ज्या वस्तूला लावायचा ती आधी घासून गुळगुळीत करायची. मग गेरूसारख्या लाल रंगाचा हात द्यायचा, कारण वर्ख कुठे फाटला तर खालून लाल डोकावतो आणि सोनं ऊबदार दिसतं. त्यावर साईझ. साईझ म्हणजे या कामाचा गोंद. लावताना दुधासारखा पांढरा असतो, मग हळूहळू पारदर्शक होतो. इथेच सगळ्यांची घाई होते. ओल्या साईझवर वर्ख टाकला तर तो बुडतो, सुरकुततो. फार वाळली तर धरत नाही. बोटाचं पेर उलटं करून हलकेच टेकवायचं आणि उचलायचं. बारीक टक् असा आवाज आला पाहिजे आणि बोटाला काही लागता कामा नये. तो आवाज पुस्तकात नाही, यूट्यूबवरही ऐकू येत नाही. तो ऐकायला जवळ यावं लागतं. म्हणून ओरडते.

मग पान कागदासकट उचलायचं, ठेवायचं, कापसाने दाबायचं, मऊ ब्रशने जास्तीचा चुरा झाडायचा. शेवटी वरून स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचा, म्हणजे लाखेचा, पातळ हात. पितळेच्या वर्खाला हा शेवटचा हात दिला नाही तर हवा त्याला खाते. आणि आपली हवा समुद्राची.

हे मला कुणी शिकवलेलं नाही. आमचे हे सिनेमाच्या सेटवर पॉलिशचं काम करायचे. आम्ही मालवणकडचे. सासरे गिरणीत होते, गिरणी गेल्यावर घरातल्या पुरुषांनी जे मिळेल ते धरलं, ह्यांनी ब्रश धरला. एकदा वर्खवाला कारागीर आलाच नाही, म्हणून ह्यांनी उरलेली पानं घरी आणली आणि म्हणाले, ‘तुझा हात हलका आहे, बघ जमतं का.’ मी पणत्यांवर करून बघितलं, मोडक्या फ्रेमवर केलं, एकदा तर सासूबाईंच्या पानाच्या डब्यावर केलं आणि शिव्या खाल्ल्या. असं करत करत आलं. नंतर सेटवाले ह्यांना कमी आणि मला जास्त बोलवायला लागले. ह्यांना त्याचं वाईट वाटलं नाही. वाईट वाटावं असं दुसरंच होतं, ते आम्ही बघितलं नाही. थिनरचा वास, स्प्रेचा धूर, आणि तोंडाला रुमाल कधी बांधलेला, कधी नाही. शेवटी शेवटी ह्यांना जिन्याच्या दोन पायऱ्या चढल्या की बसावं लागायचं. म्हणून माझ्या वर्गात खिडकी उघडी असते आणि तोंडाला मास्क असतो. पोरी म्हणतात, आजी, पंखा बंद आणि मास्क वर, मारताय का आम्हाला? मी म्हणते, नाही गं, मारत नाही, त्यासाठीच तर बांधायला लावतेय.

असो. मढच्या सिंहासनाची गोष्ट सांगते.

मढला सिनेमावाल्यांना भाड्याने देतात तसले बंगले आहेत, तुम्हाला माहीत असेल. अशाच एका बंगल्यात राजदरबार उभा केला होता. सिंहासन मी केलं, माझ्या हाताने, पाठीच्या मोरांपासून पायांच्या पंजांपर्यंत. झकास झालं होतं. मी चपड्याचा हात द्यायला घेतला तर ठेकेदार म्हणाला, ‘बाई, उद्या शूटिंग, परवा हे भंगारात. कशाला लाख फासता? चमक कमी होईल.’ मी म्हटलं, पितळ आहे, काळं पडेल. तो म्हणाला, एका दिवसात? आणि मला वेसाव्याच्या तरीवर, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या फेरीबोटीवर, घालवून दिलं.

शूटिंग पुढे गेलं. हीरो आजारी पडला म्हणे. सिंहासन समुद्राकडच्या खोलीत तसंच. मग एका सकाळी फोन, ताबडतोब या. गेले. बघते तर काय, सिंहासनाला हिरवट-काळी कळा आलेली, आणि ती सगळीकडे सारखी नाही. दोन्ही हातांवर बोटांचे ठसे, पाठीवर पंजे, बैठकीच्या कडेला अख्ख्या तळव्याची छाप. सेटवरची पोरं दुपारी त्यात बसून वडापाव खात होती. उघड्या बोटाला घाम असतो, मीठ असतं. हात लागतो तेव्हा काहीच दिसत नाही. वर्ख चमकत राहतो. मग काही आठवड्यांनी जिथे जिथे बोट लागलं तिथे तिथे काळं उमटायला लागतं, रेघेनरेघ. आर्ट डिरेक्टर ओरडत होता, ‘हे राजाचं आसन आहे की पोलीस ठाणं?’ पोरं आपापली बोटं ठशांना लावून बघत होती. ‘ए, हा तुझा रे! तुझ्याच अंगठ्याला ती चीर आहे!’ मी हसले त्या दिवशी, खूप हसले. पुन्हा सगळं घासून, पुन्हा लाल, पुन्हा साईझ.

तेव्हापासून वर्गात सांगते. हाताला पावडर लावा, हातमोजे घाला, नाहीतर तुमची चूक आज नाही, दिवाळीला दिसेल.

आणखी एक गिऱ्हाईक आठवतं. मुलुंडचे एक गृहस्थ. पिशवीतून बायकोची रबरी चप्पल काढली. एकच पाय. म्हणाले, ह्याला सोनं चढवून द्या. मी त्यांना पाणी दिलं, बसवलं, म्हटलं, भाऊ, रबर वाकतं, वर्ख वाकत नाही. चालताना सगळा तडकेल. ते म्हणाले, ‘आता ती कुठे चालणार आहे?’ खऱ्या सोन्याचा वर्ख लावून दिला. माणसं वर्ख लावायला काय काय घेऊन येतात ते बघितलं की कळतं, सोनं शोभेसाठी क्वचितच हवं असतं. काहीतरी हातातून निसटतंय, ते धरून ठेवायला हवं असतं.

जयूचंही तेच होतं. आता जयूकडे येते.

जयू मढची कोळीण. सकाळी तरीने वेसाव्याला उतरायची आणि पाटी घेऊन आमच्या अंधेरीच्या गल्लीत यायची. कित्येक वर्षं मी मासे तिच्याकडूनच घेतले. घेतले म्हणजे भांडून घेतले. मी मालवणी, ती कोळीण, माशाच्या ताजेपणावरून कोण कुणाचं ऐकणार?

‘गो परबीण बाय, डोले बघ त्याचे! तुज्यापेक्षा जिवंत हायेत!’

‘मेल्ये, कालचो सरंगो माका आजचो म्हणून विकतंस!’

‘कालचा आसंल तर फेकून देते गटारात. देऊ फेकून?’

फेकायची नाही, अर्थात. उंबऱ्यावर बसायची, चहा प्यायची आणि मी काय करतेय ते बघायची. ‘कागदाला कागद चिकटवतेस, आन लोक तुला पैशे देतात. माजा बांगडा तरी पोटात जातो.’ असं तिचं बोलणं.

तिचा नवरा पांडुरंग होडीवर तांडेल होता, म्हणजे होडी चालवणारा मुख्य माणूस. साखर वाढली, पायाला जखम झाली, आणि डॉक्टरांनी पाय घोट्याच्या वर कापला. होडी घरची. पोरगा एकच, नीलेश. बाकीची पोरं आता ऑफिसात, मॉलमध्ये कामाला जातात, नीलेशही काही दिवस शूटिंगवाल्यांच्या जनरेटरवर होता. बापाचा पाय गेल्यावर तो म्हणाला, होडी मी नेतो. त्या वर्षीच्या नारळी पौर्णिमेनंतर पहिल्यांदा तांडेल म्हणून जाणार होता.

जयूला ते नको होतं आणि हवंही होतं. अशा वेळी बायका काय करतात? नवस करतात. पौर्णिमेला कोळी दर्याला सोन्याचा नारळ देतात, तुम्हाला माहीत आहे. सोन्याचा म्हणजे बेगड लावलेला, चमकी कागद गुंडाळलेला. गावाचा तो एक, वाजतगाजत जातो. घरोघरचे नारळ साधे, हळद-कुंकवाचे. जयूने बोलून टाकलं होतं, की माझ्या पोराच्या पहिल्या सालाला दर्याला खऱ्या सोन्याचा नारळ देईन, माझ्या हाताने केलेला.

एका दुपारी पाटी रिकामी करून आली आणि म्हणाली, ‘बाय, मना शिकव.’

मी म्हटलं, मी करून देते की गं. पाच मिनिटांचं काम आहे माझं.

‘तू केलास तं नवस तुजा झाला. पोरगा माजा हाय.’

बसवली तिला. आधी हात बघितले. मासे कापून, बर्फात घालून घालून तळवे खरखरीत झालेले, आणि मिठाचा वास तर कातड्यात मुरलेला. मी म्हटलं, जा, बेसन-लिंबू लावून हात धू. धुऊन आली. पुन्हा धू म्हटलं. पुन्हा धुऊन आली. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. ‘आता काय चामडी काढून ठेवू? हे हात दर्यानं केलेले हायेत बाय. तुज्या साबणानं नाय जानार.’ मग मी तिला हातमोजे दिले. ते तिच्या बोटांना होईनात, शिवण उसवली. शेवटी पावडर लावली, भरपूर. म्हणाली, ‘नवरी झाले मी.’

सरावासाठी मी तिला गोट्याचा नारळ दिला, ज्याचं पाणी आटून आत खोबरं सुटं झालेलं असतं, हलवला की खडखडतो. करवंटीवरच्या शेंड्या सोलून करवंटी पॉलिश पेपरने घासायला लावली. आठवडाभर ती माशाची पाटी उतरवून रोज घासायची. मग पुट्टी, मग लाल, मग साईझ. टक् आवाज ऐकायला तिचे कान माझ्यापेक्षा तयार निघाले. बोटाच्या पेराने टेकवलं, डोकं हलवलं, नाय. चहा घेतला. पुन्हा टेकवलं. नाय. तिसऱ्यांदा डोळे मिटून टेकवलं आणि म्हणाली, ‘आता बोलला.’ पण पान ठेवताना घाई केली. पहिलंच पान कागदावरून घसरलं, तिच्या श्वासानेच चुरगळलं आणि नाकाला चिकटलं. मी इतकी हसले की मलाच ठसका लागला. दुसरं पान बसलं. तिसरं निम्मं बसलं. नवशिक्याचं काम, खाली साईझ एका बाजूला कच्ची राहिली होती, तिथे वर्ख पोकळ बसला. पण लांबून बघितलं तर नारळ सोन्याचा दिसत होता. जयू त्याच्याकडे बघत बसून राहिली.

तेवढ्यात नीलेश आला तिला न्यायला. उंच पोरगा, दारातून वाकून येणारा. ‘आये, चल ना, तर सुटंल!’ आणि समोर नारळ बघून त्याने तो सरळ उचलला. उघड्या हाताने. डोक्यावर धरला, जिंकलेल्या ढालीसारखा. ‘कपच की रे! आये, वर्ल्ड कप आणलास!’ आतलं खोबरं खडखडलं.

जयूने त्याच्या हातावर चापट मारली. ‘ठेव मेल्या! पंधरा वेळा हात धुवायला लावले मना हिनं, आन तू दोरीचे हात घेऊन धरतोस!’

मी म्हटलं, असू दे गं, सरावाचा आहे. आता दिसणार नाही, पण नंतर त्याची बोटं उमटतील बघ. आणि मी त्याला सिंहासनाची गोष्ट सांगितली. तो हसला. अंगठा पुढे करून बघितला. नायलॉनच्या दोरीने कधीतरी कापलेला, तिरकी खूण पार एका कडेपासून दुसरीपर्यंत. ‘उमटू दे ना काकी. आईच्या पहिल्या कामावर माझी सही.’

तो नारळ तसाच राहिला. चपडा द्यायचा प्रश्नच नव्हता, सरावाचा तो. मी फडताळात ठेवून दिला.

खरा नारळ तिने पौर्णिमेच्या आदल्या दिवशी केला. खऱ्या सोन्याचा वर्ख, मी एकाही पानाला हात लावला नाही. बायांनो, मी आयुष्यभर हे काम केलं, पण असं काम मलाही रोज जमत नाही. त्याच्यावर डाग नाही, सुरकुती नाही. आणि चपड्याचीही गरज नाही, खरं सोनं काळं पडत नाही. कुणाचा हात लागला, किती लागला, त्याच्या काही लक्षात राहत नाही.

दुसऱ्या दिवशी मी मढला गेले. गावाचा नारळ वाजतगाजत आला, बेगडीचा, झिरमिळ्यांचा. त्याच्या मागे घरोघरचे. जयूचा ताटात. ऊन पडलं होतं, आणि त्या उन्हात तिच्या ताटाकडे बघवत नव्हतं. माझ्या शेजारी एक म्हातारी उभी होती, ती कुणाला तरी म्हणाली, ‘गावाच्या नारळाला कागद, आन हिच्या घरच्याला सोनं. दर्याला काय दिसंल?’ मी ऐकलं. जयूनेही ऐकलं असणार. तिने मान वर केली नाही. पांडुरंग कुबड्यांवर, नीलेश नव्या शर्टात. तिघांनी मिळून नारळ सोडला. बाकीचे नारळ लाटेबरोबर मागे येत होते, पोरं ते पकडायला पोहत होती. हा एक मागे आला नाही. तरंगत, चमकत आत गेला. त्याला पकडायला कुणी गेलंही नाही. नीलेश ओरडला, ‘घेतला रे घेतला!’ आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

नवरात्रात बातमी आली.

मला मासे विकायला त्या दिवशी दुसरी बाई आली, तिने सांगितलं. जाळं सोडताना दोरीचा वेढा पायात आला आणि नीलेश दोरीबरोबर पाण्यात गेला. सोबतच्यांनी दोरी कापली, उड्या मारल्या, आजूबाजूच्या होड्या आल्या. दोरी मिळाली. तो नाही. पुढे कितीतरी दिवस होड्या शोधत होत्या. वेसाव्यापासून मनोरी, गोराईपर्यंत किनाऱ्यावर निरोप गेले. पांडुरंग जेट्टीवर बसून राहायचा, कुबड्या मांडीवर आडव्या. काही सापडलं नाही. शेवटी दर्भाचा पुतळा करून त्यालाच अग्नी दिला, असं करावं लागतं अंग मिळालं नाही तर. मी होते तिथे. गवताची मूठ ती, किती वेळ जळणार?

बायका घरात बसल्या होत्या. मी जयूजवळ जाऊन बसले, तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो बाजूला केला नाही. हळू आवाजात, बाजारभाव सांगावा तशी म्हणाली,

‘बाय, दर्याला सोन्याची चव कुनी लावली?’

मी म्हटलं, असं नको बोलू.

‘मीच ना. इतकी वरसं साधा नारळ देत होतो, तवा साधी मासोळीच नेत होता तो. मी सोनं दिलं. त्याला कळलं, या घरात सोनं हाय.’

मी काय काय बोलले ते आता आठवत नाही. दोरीचं बोलले असेन, नशिबाचं बोलले असेन. माणूस अशा वेळी बोलतो ते सगळं भुशासारखं असतं. ती ऐकत नव्हती. मध्येच माझ्या हातांकडे बघितलं. नखांत थोडा वर्खाचा चुरा होता, आमच्या नखांत तो नेहमी असतोच. तिने तोंड फिरवलं.

त्यानंतर जयू आमच्या गल्लीत आली नाही. एकदा मासळी बाजारात समोरासमोर आली, तर पाटी उचलून दुसऱ्या ओळीला गेली. मी मढलाही गेले. पांडुरंग बाहेर बसला होता. आत भांड्यांचा आवाज येत होता, मी आलेली कळताच तो थांबला. पांडुरंग म्हणाला, ‘ताई, राग नाय तिचा तुज्यावर. तुला बगितलं का तिला सोनं दिसतं.’ मी त्याच्याजवळ थोडा वेळ बसले आणि परतीची तर धरली.

नारळाचं मी विसरले होते, खोटं कशाला सांगू. गुढीपाडव्याला फडताळ आवरायला काढलं तेव्हा मागून तो घरंगळत आला. खडखडला. उचलला, उजेडात धरला.

उमटला होता. अख्खा अंगठा. एकेक रेघ, गोल गोल फिरत आत जाणारी, बारीक, काळी. आणि त्यातून तिरकी जाणारी ती दोरीची खूण, तेवढीच सोनेरी राहिलेली, कारण तिथे कातडीला रेघाच नव्हत्या, घाम नव्हता. मागच्या बाजूला बाकीची चार बोटं, अर्धवट. कुणीतरी आत्ताच डोक्यावर धरून खाली ठेवावा तसा तो नारळ.

त्या पोराचं जगात दुसरं काय उरलंय? गवत जाळलं. कपडे देऊन टाकले, कोळ्यांच्या रीतीप्रमाणे की जयूनेच सांगितलं म्हणून, मला माहीत नाही. फोटो आहेत मोबाइलात, ते सगळ्यांचेच असतात. हे त्याचं अंग आहे. त्याचा घाम आहे तो, त्याच्या अंगातलं मीठ.

आणि हे टिकणार नाही. तेच तर सांगायला बसलेय मी इतका वेळ. नारळाला चपडा नाही. बाकीचा वर्खही हळूहळू काळवंडतोय, कडेकडेने, ठशाच्या दिशेने. पाडव्याला ठसा सोन्यावर काळा दिसत होता. आता सोनंच तपकिरी झालंय. आणखी एक पावसाळा अंधेरीत काढला की सगळं सारखं काळं होईल, आणि मग त्यात अंगठा कुठे आणि नारळ कुठे, कुणालाच कळणार नाही. मोबाइलवर फोटो काढून बघितला, तर नुसता डाग दिसतो, रेघा येत नाहीत.

तुम्ही म्हणाल, बाई, तुम्ही कारागीर ना, मग चपड्याचा हात द्या आणि सोडवा. देता येईल. नाही असं नाही. पण वर्ख नवशिक्या हाताने बसवलेला आहे. नेमका अंगठ्याखालीच साईझ कच्ची राहिलीय, तिथे पान पोकळ आहे. ब्रश फिरला तर पानासकट ठसा उठून यायचा. स्प्रे मारला तर कदाचित राहील, कदाचित रेघा विरघळून एकमेकींत जातील. कदाचित, कदाचित. माझ्या आयुष्यात मी हजार गोष्टींवर शेवटचा हात दिला. यावर द्यायची माझी छाती होत नाही. आणि समजा जमलं, तरी ते मी कोण ठरवणार? आईला तो ठसा कायमचा डोळ्यांसमोर हवा असेल, की नारळ दर्यात सोडून द्यायचा असेल, की काळा होऊ द्यायचा असेल? की सोन्याचं काही बघायचंच नसेल? मला ठाऊक नाही. मूल माझं नव्हतं. तिनेच म्हटलं होतं ना, तू केलास तर तुझा झाला.

माझ्या वर्गातली एक गोड पोरगी, हुशार, परवा फडताळ उघडून म्हणाली, ‘आजी, हा किती काळा झालाय! मी नवीन वर्ख लावून देऊ?’ मी तिच्यावर अशी ओरडले की बिचारी रडायला लागली. मग तिला जवळ घेतलं, चहा दिला, आणि काहीच सांगितलं नाही. ती हा अंक वाचेल तेव्हा तिला कळेल. माफ कर गं.

मी निरोप पाठवले. मासे विकणाऱ्या त्या बाईबरोबर पाठवला, ती म्हणते सांगितलं, जयू काही बोलली नाही. पांडुरंगला फोन केला, तर तो म्हणाला, ‘आसं काय ते मी कसं सांगू तिला, ताई?’ त्याचंही खरं आहे. ठसा आहे हे ऐकून कुणाला काय होईल, सांगता येत नाही. म्हणून शेवटी हे लिहिलं. जयू, तू दिवाळी अंक वाचतेस, हे मला माहीत आहे. माझ्याच उंबऱ्यावर बसून जुने अंक चाळायचीस, चित्रं बघून नावं ठेवायचीस आणि मग जाताना पदराखाली एक घेऊन जायचीस, मला दिसायचं. यंदाचाही कुणीतरी देईल तुला.

तर ऐक. सोन्याला घाबरू नकोस. खरं सोनं दर्याने नेलं ते नेलं, त्या सोन्याच्या काही लक्षात राहत नाही. माझ्या घरी आहे ते पितळ आहे. स्वस्तातलं, तुझ्या हाताने वेडंवाकडं बसलेलं. त्याने तेवढं धरून ठेवलंय. तू बघ आणि काय करायचं ते तू सांग. ठेव म्हणालीस तर माझा जुना मऊ ब्रश काढते, तुझ्यासमोर, देवाचं नाव घेऊन हात देते. सोड म्हणालीस तर तुझ्याबरोबर तरीवर येते. काही नको म्हणालीस तर फडताळ लावून घेते आणि आपण चहा पिऊ.

पाटी आणू नकोस. मासे नकोत मला. पंखा बंद ठेवीन. आणि या खेपेला हात धू म्हणणार नाही गं, आहेस तशी ये, मिठाच्या हाताने ये, त्याच्या अंगठ्यावर तुझं बोट टेकवायचं असेल तर टेकव. पण लवकर ये, जयू. पावसाच्या आत ये.